कट्ट्यावरचं प्रेम पुन्हा लिहा

ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवत आणि तरुणांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या लिहीत. पुढे सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’त पुण्यातला कॉलेजचा कट्टा आला, २०१३ साली तिच्यावर सिनेमाही निघाला. अशा पुस्तकांना उथळ म्हणणं मला पटत नाही. अनेकांना वाचनाची गोडी त्यांनीच लावली.

पण आजचं कॉलेज त्यांत कुठून असणार? एसटीचा पास काढून तालुक्याला येणारी मुलगी, आडनाव कळताच बदलणारे सूर, घरी लपवलेला मोबाइल, स्पर्धा परीक्षेपायी लांबणारं लग्न. प्रेम इथेही होतंच, आणि ते जास्त धीटपणे करावं लागतं.

विशीतल्या लेखकांनो, हे लिहा. आम्हाला पाठवा, आम्ही मनापासून वाचू.