नळ दारात आला, पाणी कुठे आहे?



माण, खटाव, आटपाडी, जतच्या वाड्यांवर आता नळ दिसतो. २०१९ साली जलजीवन मिशन निघाले, माणशी रोज ५५ लिटरचे वचन मिळाले. तोटी बसली, पुढाऱ्याने नारळ फोडला, फोटो निघाला. पण नळ पाणी तयार करीत नाही. ज्या विहिरीला तो जोडला, ती एप्रिलात कोरडी पडली की पुन्हा टँकर, पुन्हा घागरींची रांग, आणि रांगेत मजुरी बुडवून उभी आपलीच बहीण.

विहीर का आटते? पाऊस कमी, हे अर्धेच उत्तर झाले. आपला शाळू नि कापूस पावसावर. त्यांनी गावची विहीर उपसली नाही. उपसली ती शेजारच्या खोल बोअरने, उसासाठी नि द्राक्षबागेसाठी. बागायतदारही आपलाच भाऊ आहे, पण गावाच्या घशातले पाणी ओढण्याचा हक्क त्याला कोणी दिला? पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदू नये, असे १९९३चा कायदा सांगत होता. त्याच्या जागी २००९चा कायदा आला, २०१४ पासून लागू झाला. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल जायला त्यात बंदी आहे. बोअरची गाडी मात्र रात्री येते नि सकाळी निघून जाते. (आम्ही शेतकी शिकलेले. शंभर फुटांवर नाही लागले तर आणखी खाली बघा, असे सांगणाऱ्यांत आम्हीही होतो.)

आता घराकडे बघा. ४० चौरस मीटरचा पत्रा, पाऊस अवघा ४०० मिलिमीटर. वाया जाणारे सोडून १२ हजार लिटरवर पाणी त्या पत्र्यावरून ओघळते. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज २५ लिटर धरले, तर वर्षाला लागते ९ हजार. पन्हळ लावा, पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडा, पुढचे फडक्यातून गाळून झाकलेल्या हौदात घ्या. सहा हजार लिटरचा हौद कोरड्या आठ महिन्यांना पुरतो. झाकण घट्ट हवे, नाहीतर डास होतात. पाणी उकळून प्या. आडाजवळचा उकिरडा हलवा. त्याचा निचरा आडातच उतरतो, टीसीएल किती दिवस टाकणार?

काही कार्यकर्ते म्हणतात, घरोघर हौद बांधले की सरकार सुटले. आम्हाला हे पटत नाही. टेंभू-म्हैसाळच्या पाण्यावरचा हक्क आम्ही सोडलेला नाही, सोडणारही नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. तहानलेल्याला पाणी दिले, तक्रार नाही. मग मिरजेच्याच जिल्ह्यातल्या जतच्या वाडीने टँकरवर किती वर्षे काढायची? हौदाचा खर्च भूमिहीनाच्या डोक्यावर टाकू नका, तो योजनेतून द्या, ही आमची मागणी आहे. येरळेवर बळीराजा धरण लोकांनी बांधले तेव्हा भूमिहीनालाही पाण्यात वाटा धरला होता. ते खानापूर तालुक्यातच झाले, परदेशात नव्हे.

जिल्हा बैठकीला येताना गावच्या पिण्याच्या विहिरीभोवती ५०० मीटरच्या आत बोअर किती, कोणत्या साली पाडले, किती फूट खोल, हे कागदावर लिहून आणा. तो कागद घेऊनच आपण ग्रामसभेत उभे राहणार आहोत.