बाळंतिणीस कोणी विचारले?

‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत’ हे वाक्य आमच्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पूर्वी ते पोस्टकार्डावर येई, पुढे तारेने येऊ लागले, आता मोबाइलवर येते. त्या वाक्याने घरातली काळजी मिटते, पेढे वाटले जातात, आणि त्याबरोबर एक चौकशीही कायमची मिटते. प्रसूतिगृहाच्या बंद दाराआड त्या बाईशी कोण कसे बोलले, तिला काय सांगितले, काय सांगितले नाही, तिच्या देहावर जे उपचार झाले त्यांपैकी कोणत्यास तिची संमती होती, हे विचारण्याचे मग कोणास प्रयोजन उरत नाही. जी रीत कुटुंबाची तीच राज्यकारभाराची. किती स्त्रिया रुग्णालयात बाळंत झाल्या हे सरकार मोजते. तेथे त्यांना कसे वागविले गेले हे विचारीत नाही. आमचे स्पष्ट मत असे आहे की, ठरावीक मुदतीने साऱ्या देशभर मातांच्या अनुभवाची पाहणी व्हावी, ती रुग्णालयांच्या हाती नसावी, आणि तिचे निष्कर्ष लोकांपुढे उघडे ठेवले जावेत.

जे साधले आहे त्याचे श्रेय नाकारण्याचा आमचा हेतू नाही. गरोदरपण व बाळंतपण यांपायी देशात दरसाल सुमारे दोन लक्ष स्त्रिया दगावतात, असा अंदाज १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालात दिला होता. दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता, म्हणजे लाखामागे दोन हजार, असे ते प्रमाण होते. २०१८ ते २०२० या काळात ते लाखामागे ९७ वर आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ साली, रुग्णालयातील प्रसूती शेकडा २६ च्या आसपास होत्या. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत त्या शेकडा ८८.६ झाल्या, आणि महाराष्ट्रात तर शेकडा ९४.७. हे यश लहान नव्हे, आणि ते मिळविण्यासाठी ज्या परिचारिका, डॉक्टर व आशा कार्यकर्त्या रात्रंदिवस खपल्या त्यांचे ऋण मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु दारातून आत गेलेल्यांची मोजदाद म्हणजे आतील वागणुकीचा दाखला नव्हे. प्रसूती कोठे झाली, कोणी केली, तपासण्या किती झाल्या, पैसे किती लागले, हे त्या पाहणीत विचारले गेले. त्यातूनच आपणांस कळले की २०१९-२१ मध्ये देशातील शेकडा २१.५ बाळंतपणे सिझेरियन शस्त्रक्रियेने झाली. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण शेकडा १४.३, तर खासगी रुग्णालयांत शेकडा ४७.४ होते. खासगीत जवळजवळ दर दुसरी स्त्री! असे का व्हावे? डॉक्टर म्हणतात, कुटुंबेच मुहूर्त काढून येतात व कळा सोसावयास नकार देतात. कुटुंबे म्हणतात, ऐन वेळी बाळाच्या जिवाची भीती घालून आमची सही घेतली जाते. वादी-प्रतिवादी दोघेही मोठ्याने बोलत आहेत; जिच्या पोटावर शस्त्र चालले तिचा जबाब मात्र कोठे नोंदलेलाच नाही.

हा प्रश्न केवळ सिझेरियनचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली एक निवेदन काढून बजाविले की, जगभर अनेक स्त्रियांना प्रसूतीच्या वेळी रुग्णालयात मारहाण, अर्वाच्य बोलणे, संमतीवाचून उपचार, वेदनाशामक औषधास नकार, आणि पैसे भरता न आल्यास अडकवून ठेवणे असले प्रकार सोसावे लागतात. आमच्याकडे असे काही घडतच नाही, असे छातीवर हात ठेवून म्हणणारा वाचक आम्हांस भेटावयाचा आहे. घडते तर किती, कोठे आणि कोणाच्या वाट्यास अधिक, हे विचारल्यावाचून कळणार नाही. आणि जे कळले नाही ते सुधारणार कसे?

यावर पहिला आक्षेप असा की, विचारपूस तर चालूच आहे. २०१६ पासून ‘मेरा अस्पताल’ ही अभिप्रायाची योजना सुरू झाली. २०१७ साली आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात शेकडा ८० लाभार्थी समाधानी असावेत अशी अटही घातली आहे. हेतू चांगला आहे. परंतु मोबाइलवर येणारा प्रश्न पुष्कळ घरांत नवऱ्याच्या हाती पडतो, आणि रुग्णालयानेच आपल्या रुग्णास ‘तुम्ही समाधानी आहात ना?’ असे विचारणे म्हणजे परीक्षार्थ्याने स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासणे होय. शिवाय ‘समाधान’ हा शब्दच फसवा आहे. मूल जिवंत हाती आले की आईला सारे जग गोड दिसते; थप्पड बसली असली तरी ती ‘समाधानी’ म्हणूनच सांगेल. म्हणून समाधान विचारू नये, घडले ते विचारावे. कळा चालू असता आपले माणूस जवळ होते काय? टाका घालण्यापूर्वी सांगितले काय? हाक मारल्यावर कोणी आले काय? कोणी अंगावर हात टाकला काय? बाळ दाखविण्यासाठी कोणी पैसे मागितले काय? अशा प्रश्नांस उत्तर देताना भिडेस फारसा वाव राहत नाही.

दुसरा आक्षेप, अडाणी बाईला वैद्यकातले काय कळते? तिला शस्त्रक्रियेचे गुणदोष कळावेत अशी कोणाची अपेक्षा नाही. आपणांस सांगितले की नाही, आपण एकटे पडलो की नाही, हे मात्र तिच्यावाचून दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? ज्याचे जळते त्यालाच कळते. आणि तक्रार असती तर ती आपण होऊन बोलली असती, असे म्हणणाऱ्यांनी आनंदीबाई जोशी यांचे स्मरण करावे. पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे उघड करण्यापेक्षा आमच्या स्त्रिया मरण पत्करतात, ही व्यथा घेऊन त्या १८८३ साली अमेरिकेस गेल्या, आणि १८८६ साली प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून पदवी घेऊन आल्या. स्त्रीचे मौन हे तिच्या सुखाचे प्रमाणपत्र नव्हे, हे ज्या समाजाने तेव्हाच ऐकले, त्याने ते पुन्हा शिकावे लागावे हे लाजिरवाणे आहे.

तिसरा आक्षेप सहृदय आहे: एकेका परिचारिकेच्या माथी इतक्या बाळंतिणी असता तिची झडती कशास? परंतु ही झडती तिची नव्हे. ‘मी तासभर हाका मारल्या, कोणी आले नाही’ असे हजारो स्त्रिया एका सुरात सांगू लागल्या तर परिचारिका अपुऱ्या आहेत याचा त्याहून बळकट पुरावा कोणता? आज तिचे गाऱ्हाणे तिच्या एकटीचे आहे. उद्या त्यामागे साऱ्या देशातील मातांची साक्ष उभी राहील.

असे काम होऊ शकते काय, अशी शंका नको. इंग्लंडात १९१५ साली स्त्रियांच्या सहकारी संघाने कामकरी मातांची १६० पत्रे पुस्तकरूपाने छापली. १९४६ च्या मार्चमधील एका आठवड्यात ज्या ब्रिटिश स्त्रिया बाळंत झाल्या त्यांपैकी १३,६८७ जणींस घरी गाठून प्रश्न विचारण्यात आले. घरी बाळंत होणाऱ्या बहुतेक स्त्रियांस वेदनाशामक मिळतच नाही, हे त्यातून उघड झाले. १९४९ साली त्या प्रश्नावर पार्लमेंटात विधेयक आले. ते संमत झाले नाही हे खरे. तथापि बाईच्या कळा हा राज्यसभागृहात वाद घालण्याजोगा विषय ठरला. कॅनडाने २००६-०७ मध्ये ६,४२१ मातांस विचारले. इंग्लंडात २००७ पासून अशा पाहण्या वारंवार होत आल्या आहेत, आणि त्यांचे निकाल रुग्णालयसंस्थांच्या नावानिशी प्रसिद्ध होतात.

मात्र परक्यांची प्रश्नावली उचलून आणून आमचे काम भागणार नाही. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. नोंदवहीत पत्ता एका गावचा आणि बाळंतीण दुसऱ्या गावी. तिला दोन्हीकडे शोधावे लागेल. विचारणारी स्त्री असावी, तिने त्या बाईच्या बोलीत विचारावे, मग ती गोंडी असो वा पावरी. आणि सासू, नवरा वा आशाताई यांच्या समोर विचारू नये. खाटेवर असता नव्हे, घरी गेल्यावर काही आठवड्यांनी विचारावे. १९६९ च्या कायद्याने जन्माप्रमाणे मृतजन्माचीही नोंद बंधनकारक आहे. तेव्हा जिची कूस रिती राहिली तिला वगळण्यास सबब नाही. तिच्यापाशी मोठ्या हळुवारपणे जावे लागेल, पण जावेच लागेल. जी घरी वा वाटेतच बाळंत झाली, जिला एका दारातून दुसऱ्या दारी पाठविले, तिलाही गाळू नये. सांगणारीचे नाव कायम गुप्त राहावे; रुग्णालयाचे नाव मात्र गुप्त राहू नये.

आमच्या सुशिक्षित वाचकांस कदाचित वाटेल की, हा सरकारी इस्पितळात जाणाऱ्या गरिबांचा प्रश्न आहे. शेकडा ४७.४ चा आकडा पुन्हा पाहावा. तो ज्या प्रसूतिगृहांचा आहे त्यांची बिले आपणच भरतो. तेथे कोणी थप्पड मारीत नसेल. परंतु गोड बोलून न सांगणे हेही न सांगणेच.

पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाचे भाग्य लिहिते म्हणून पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवण्याची चाल आमच्या पुष्कळ घरांत आहे. न दिसणाऱ्या देवतेच्या लेखासाठी आम्ही कागद मांडतो, आणि शेजारी निजलेल्या, सारे भोगून आलेल्या बाईच्या हाती तो कधी देत नाही. तो कागद तिला देणे हे आता राष्ट्राचे काम आहे. ते पदरात पडेपर्यंत, घरी ‘सुखरूप’चा निरोप येताच पेढ्याबरोबर एक प्रश्नही तिच्याकडे न्यावा, आणि उत्तर येईतो तिच्यापाशी बसावे.