आंकड्यांची जागा

सुंदर अक्षर हा विद्यार्थ्याचा अलंकार होय, हें आपण सर्वजण मानतों. परंतु आंकडे नीट मांडण्याविषयीं आपल्या शाळांतून फारसें बोललें जात नाहीं. प्रयोगांचे तक्ते व स्नेहसंमेलनाचे जमाखर्च संगणकावर तयार होऊं लागल्यापासून तर हें दुर्लक्ष डोळ्यांस खुपूं लागलें आहे.

आपल्या अंकपद्धतीचें सारें सामर्थ्य स्थानांत आहे. ५ हा अंक एकंस्थानीं पांच, दहंस्थानीं पन्नास व शतंस्थानीं पांचशें होतो. ही पद्धति भारतानें जगास दिली, व बालपणीं 'एकं, दहं, शतं' म्हणत आपण ती शिकलों. असें असतां १,२५०, ८७ व ९ या रकमा एकाखालीं एक लिहितांना त्यांच्या डाव्या कडा जुळविल्या, तर ९ हा अंक हजाराच्या घराखालीं जाऊन बसतो. अंक खरा, पण जागा खोटी! म्हणून उजव्या कडा जुळवाव्या. पैसेही दाखवावयाचे असल्यास दशांशचिन्हें एकाखालीं एक यावीं.

आपल्या आजोबा-पणजोबांस हें सांगावें लागत नसे. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू झालीं. त्यापूर्वीं रुपया १६ आण्यांचा व आणा १२ पैंचा असे. हिशेबाच्या वहींत रुपये, आणे व पै यांस निरनिराळे रकाने लागत, आणि आंकडा शेजारच्या रकान्यांत पडला कीं आण्याचा रुपया होई. छापखान्यांत खिळे जुळवीत त्या काळीं अंकांचे खिळे सामान्यतः एकाच रुंदीचे ओतीत. त्यामुळें रकाने सरळ उभे राहत.

संगणकावर मात्र अनेक वळणांच्या अंकांची रुंदी कमीअधिक असते, व कोऱ्या जागेची रुंदी आणखी निराळी. म्हणून कोरी जागा सोडण्याची कळ पुनःपुन्हां दाबून ढकललेला रकाना कधीं नीट जुळत नाहीं; जुळलासा दिसला, तरी अक्षराचें वळण बदलतांच वांकडा होतो. खरा उपाय असा कीं, समान रुंदीचे अंक निवडावे आणि टॅबची खूण लावून उजवी कड अथवा दशांशचिन्ह जुळवावें. यास चार मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं.

कोणी म्हणेल, "बेरीज यंत्रच करतें; मग हा खटाटोप कशास?" यंत्र दिलेल्या आंकड्यांची बेरीज करील, परंतु ८७० च्या जागीं ८,७०० लिहिले गेले, हें तें आपण होऊन सांगेलच असें नाहीं. सरळ रकान्यांत मात्र ही चूक पुढें आलेल्या दांतासारखी दिसते.

आपल्या नाशिक रोडला १९२८ पासून चलनी नोटांचा छापखाना आहे. नोटेच्या क्रमांकांतील अंक डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात, हें चौकस मुलांनीं पाहिलेंच असेल. बनावट नोट ओळखतां यावी म्हणून रिझर्व्ह बँकेनें २०१५ मध्यें ही योजना आणिली. मग तेथें अंक सारखे नकोत काय? नकोत, कारण क्रमांक हें त्या नोटेचें नांव आहे, रक्कम नव्हे. त्याची बेरीज कोणी करीत नाहीं. जें केवळ ओळखावयाचें, त्याची मांडणी कशीही चालेल. जें मोजावयाचें, तें आपल्या स्थानींच पाहिजे.

पालकांसही एक विनंती आहे. सहलीचा किंवा संमेलनाचा हिशेब हातीं येईल तेव्हां नुसता शेवटचा आंकडा पाहूं नये. वरचे रकानेही पाहावे, आणि ते वांकडे असल्यास मुलाकडून पुन्हां मांडून घ्यावे. हिशेब सरळ मांडणें म्हणजे तो दुसऱ्यास तपासूं देणें होय, आणि ही संवय लहानपणींच लागली पाहिजे.