युगांडाची ओळ

सर्व्हरशी ज्याचा कधी संबंध आला, त्याने 'विम' उघडलेला असतो आणि तो बंद कसा करायचा हे न कळून त्याला घामही फुटलेला असतो. मी पहिल्या वेळी सरळ भिंतीवरचं बटण दाबून संगणकच बंद केला होता. त्या धांदलीत पडद्याच्या मधोमध असलेली एक ओळ वाचायची राहिली: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा.

मजकूर लिहायच्या साधनात युगांडा कुठून आला?

ब्राम मोलेनार या डच अभियंत्याने १९८८मध्ये अमिगा संगणक घेतला. हाताला युनिक्सवरच्या 'व्हीआय' या मजकूर लिहायच्या साधनाची सवय, आणि अमिगावर ते नव्हतं. 'व्हीआय' ही बिल जॉयची १९७६ची करामत. त्या काळी टर्मिनलची जोडणी इतकी मंद, की आज्ञा एकेका अक्षराच्याच परवडायच्या. जॉयच्या टर्मिनलवर बाण एच, जे, के, एल या कळांवर छापलेले होते, म्हणून आजही विममध्ये कर्सर त्याच अक्षरांनी हलतो. मोलेनारने 'स्टीव्ही' नावाची एक नक्कल घेतली आणि तिची डागडुजी सुरू केली. यात जगाचं भलं वगैरे काही नव्हतं. स्वतःची अडचण होती. १९९१मध्ये ते काम 'विम' या नावाने अमिगावाल्यांत फिरणाऱ्या फ्लॉपीवरून बाहेर पडलं.

१९९४मध्ये हा माणूस वर्षभर युगांडात, टांझानियाच्या सीमेजवळच्या किबाले गावी स्वयंसेवक म्हणून राहिला. तिथे एड्सने आईबाप गेलेल्या मुलांसाठी एक केंद्र होतं. त्याने केंद्राला हातभार लावला, गावाच्या पाणीयोजनेवरही काम केलं. परतल्यावर त्याने विमच्या परवान्यातच लिहून टाकलं: हवं तितकं वापरा, वाटा, आवडलं तर या मुलांना पैसे द्या. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना 'फुकट' हा शब्द झोंबतो. मोलेनार त्या वादात शिरला नाही. त्याने किंमत मागितली, फक्त गल्ला दुसऱ्याच्या दारात ठेवला. मला हे परोपकारापेक्षा चोख व्यवहार म्हणून जास्त आवडतं.

मात्र विमचं घर त्याने चालवलं एकट्याने. लोकांनी पाठवलेला प्रत्येक बदल त्याच्याच हातून आत जायचा. त्यामुळे विमला एक वळण राहिलं आणि दारात रांगही लागली. शेवटी एका ब्राझिलियन प्रोग्रामरचा मोठा बदल आत घेतला गेला नाही, तेव्हा २०१४मध्ये 'निओविम' वेगळं निघालं. निओविमवाल्यांनी पार्श्वभूमीत कामं चालवायची सोय केली. विममध्ये ती २०१६च्या आठव्या आवृत्तीत आली. मोलेनारच्या चाहत्यांना पटणार नाही, पण ती फूट पडली नसती तर ही सोय आणखी लांबली असती, असंच मला वाटतं.

३ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या ६२व्या वर्षी तो गेला. विम आता काही जण मिळून सांभाळतात. जानेवारी २०२४ची ९.१ आवृत्ती त्यांनी त्यालाच अर्पण केली.

वाटणीचं राहिलंच. निओविमवाल्यांनी जुना कोड उपसला, नको ते फेकलं, पण वेगळी चूल मांडल्यावरही कित्येक वर्षं त्यांच्या कोऱ्या पडद्यावर युगांडाची ती ओळ उमटत होती.