सोन्याचे कण आणि द्राक्षांचा घड

परवा भाच्याने निफाडहून द्राक्षांची पेटी पाठवली. फोनही आला, "मामा, एक्स्पोर्टच्या प्लॉटमधली आहेत, बिनधास्त खा." मी विचारलं (मास्तरकीची खोड!), "मग एरवी पाठवतोस ती कशी असतात रे?" तो नुसता हसला.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचा अंश सापडला म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडली. बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. तिकडे जाणाऱ्या मालाची तपासणी होते. मंडईतल्या घडाला कोण विचारतो? प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तो पोटात गेलेला असतो.

नातीने नॅनोकणांची गंमत सांगितली. एका मिलिमीटरवर पन्नास हजार मावतील इतके बारीक सोन्याचे कण पाण्यात विखुरलेले असताना लाल दिसतात. काही कीटकनाशकांमुळे ते एकमेकांना चिकटतात आणि पाणी निळसर होतं. अर्थात सगळीच औषधं अशी सापडत नाहीत, फळातली साखर आणि आम्लंही घोटाळा करतात.

ती म्हणते, अशी पट्टी ग्राहकाच्या हाती हवी. मला वाटतं, आधी बांधावर हवी. मी निळा रंग पाहून काय करणार? घड फेकणार आणि शेतकऱ्याला शिव्या घालणार. तो मात्र काढणी चार दिवस पुढे ढकलू शकतो.

हे भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, त्या चार दिवसांत भाव पडला तर?"

मी गप्प बसलो. द्राक्षं मात्र मिठाच्या पाण्यात धुऊनच खाल्ली, एक्स्पोर्टची असली तरी.