दौंडचे कटलेट आणि देशीपणाचा प्रश्न

पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत, गाडीच्या दिशेला तोंड असलेली खिडकी मिळावी म्हणून भांडणाऱ्या प्रवाशाची दौंडला फजिती होते. तेथे इंजिन सोडून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडतात आणि आतापर्यंत ऐटीत समोर पाहणारा हा गृहस्थ नगरच्या दिशेने पाठमोरा निघतो. (कॉर्ड लाइन झाल्यापासून काही गाड्या दौंड स्थानकात न शिरताच वळतात. सोय झाली, गंमत गेली.) इंजिन बदलेपर्यंतच्या त्या सक्तीच्या विसाव्यात पावाचे दोन काप आणि कटलेट खाण्याची आमची जुनी खोड आहे. एका नाताळच्या सुट्टीत समोरच्या बाकावरील तरुणाने, बोलण्यावरून तो साहित्याचा विद्यार्थी असावा, त्या कटलेटास 'साहेबाचे उष्टे' म्हटले. विनोद वाईट नव्हता. परंतु त्यामागची धारणा आमच्या समीक्षेतही मुरलेली असल्यामुळे ती तपासून पाहावीशी वाटते.

'देशी' हा शब्द भालचंद्र नेमाडे यांच्यामुळे मराठी समीक्षेच्या केंद्रस्थानी आला. अनुकरण निराळे आणि बाहेरून आलेल्याचे देशीकरण निराळे, हा भेद त्या चर्चेत आहेच. मात्र वर्गात आणि परिसंवादांत तो भेद गळून पडतो. उरते ती कोणती गोष्ट कोणाकडून आली याची झडती. ही झडती ताटात घ्यायची ठरवली, तर कटलेटच्या आधी वडापावाला जबाब द्यावा लागेल. कारण 'बटाटा' आणि 'पाव' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांचे. कटलेट हा शब्द तर मूळचा फ्रेंच. त्या भाषेत तो बरगडीच्या मांसाचा तुकडा होता. आमच्या रेल्वेत येईपर्यंत त्याची बरगडी गेली, मांसही गेले आणि बटाटा, बीट व हिरवी मिरची राहिली. इतके सोसल्यावरही तो साहेबाचाच राहत असेल तर साहेब धन्य होय.

पण खरा मुद्दा व्युत्पत्तीचा नाही, माणसांचा आहे. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, दौंड जंक्शन झाले आणि रेल्वेच्या नोकऱ्यांबरोबर तेथे अँग्लो-इंडियन कुटुंबे वसली. त्यांच्या घरी कटलेट कोणी 'आणले' नाही, ते आईच्या हातचे आहे. त्यांचे पेपर वॉटर म्हणजे दाक्षिणात्य रस्समचेच भावंड. आपल्या राज्यघटनेच्या ३६६व्या अनुच्छेदात अँग्लो-इंडियन कोण, याची व्याख्या आहे. ती पित्याकडून, पुरुषपरंपरेने मोजलेल्या युरोपीय वंशावर उभी आहे. कायद्याने बापाकडे पाहिले. स्वयंपाकघर मात्र बहुतेक आईकडचे होते, आणि ती बहुधा याच भूमीतली होती. २०२०च्या जानेवारीत, १०४व्या घटनादुरुस्तीनंतर, या समाजाची लोकसभेतील दोन नामनियुक्त सदस्यांची तरतूद संपली. त्यावर मराठीत फारसे कोणी हळहळले नाही. ज्यांना आपण उष्ट्याचे धनी ठरवले, त्यांच्यासाठी हळहळणार तरी कोण?

येथे कोणी म्हणेल की हा साहेबी राज्याचा गोडवा झाला. तसे नाही. त्याच फलाटांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे विकले जात होते, आणि रेल्वेच्या कित्येक जागा वंश पाहून भरल्या जात होत्या, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु सत्तेची चव आणि घरची चव एकाच जिभेवर असू शकतात. समीक्षेला त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

सामान्य माणसाला त्या ओळखता येतात. भीमेपलीकडे शिरूरला, म्हणजे जुन्या घोडनदीच्या छावणीत, १८०९ साली कर्नल वॉलेस वारला. त्याच्या कबरीला परिसरातील लोक 'सत्पुरुष' म्हणून मानू लागले आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य दाखवू लागले, अशी नोंद जुन्या पुणे गॅझेटियरमध्ये आहे. मेलेल्या इंग्रजाला ज्या मुलखाने आपले धान्य खाऊ घातले, त्या मुलखात जिवंत शेजाऱ्याच्या कटलेटाची जात विचारली जावी, हे विचित्र आहे.

आम्हांस हे सुचले ते पुस्तकांमुळे नव्हे, चाकूंमुळे. आमचे एक स्नेही शिरूरला शिक्षक आहेत. दुसरे दौंडचे निवृत्त इंजिन ड्रायव्हर, ज्यांना सारा मोहल्ला अंकल म्हणतो. तिघांनाही घडीच्या चाकूचे वेड. इंग्रजीत पेननाइफ हा शब्द पिसाची लेखणी तासण्यावरून आला, आणि आपल्याकडे बोरू तासणारे ते कलमतराश. तेव्हा भाषेच्या लोकांनी या वेडास हसू नये. अंकलचा चाकू वडिलांचा, शेफील्डचा, हाडाच्या मुठीचा. पाते साध्या पोलादाचे असल्यामुळे लिंबू चिरताच काळवंडते आणि मग अर्धा तास त्याला पुसणे चालते. मास्तरांचा चाकू स्टेनलेस. 'त्याला आठवण राहत नाही,' असे अंकल म्हणतात.

गेल्या वर्षी अंकल पर्थला लेकीकडे निघाले. विमानात चाकू जवळ ठेवता येत नाही आणि सामानात टाकायला त्यांचे मन धजेना. म्हणून ते मास्तरांना बोलावून तो देऊ लागले. मास्तर मागे सरले. "अंकल, हातात देऊ नका, खाली ठेवा. भांडण होतं." अंकलनी चाकू टेबलावर ठेवला, पण वर तळहात झाकला. "मास्टर, आधी पैसा ठेव. फुकट चाकू घेतला की दोस्ती कटते." इंग्रजांत चाकू भेट मिळाला की मोबदल्यात नाणे देतात. आमच्याकडे धारेची वस्तू हातोहात देत नाहीत. दोन्ही भये एकच, आणि त्या टेबलावर दोन्ही पाळली गेली.

अंकल परत आले ते हसतच. लेकीच्या शेजाऱ्यांना त्यांनी कटलेट करून घातले होते. शेजारी म्हणाले, इंडियन जेवण फार छान! मास्तरांनी चाकू टेबलावर ठेवला. अंकलनी पाते उघडून पाहिले, लिंबाचा डाग शोधला, आणि खिशातून तेच रुपयाचे नाणे काढून पुढे सरकवले.