अम्मीला आजाराचं नाव सांगा

आपल्या घरांत कॅन्सरला ‘तो आजार’ म्हणतात. बाईच्या छातीतली गाठ काढली जाते, फाइल मुलगे सांभाळतात आणि तिला सांगतात, ‘साधी गाठ होती, आता ही ताकदीची गोळी रोज घ्यायची.’ हेतू चांगलाच. पण अंगात ताकद आली की ती गोळी बंद करते. तिचं काय चुकलं?

ती गोळी बऱ्याचदा टॅमॉक्सिफेन असते. स्तनाच्या काही गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसतात. काढलेल्या गाठीच्या तपासणीत तसं आढळलं, तरच ही गोळी देतात. शरीरात एखादी चुकार पेशी उरली असेल, तर तिच्यात इस्ट्रोजेनची जागा ही गोळी अडवून बसते. म्हणून ती 5 वर्षं, काहींना 10 वर्षं रोज घ्यावी लागते. बरं वाटलं म्हणून थांबवायची नसते.

रमजानमध्ये तर हमखास खाडा होतो. आजाऱ्याला रोज्याची सवलत कुरआननंच दिली आहे. डॉक्टरांनी रोजे ठेवायला हरकत नाही म्हटलं, तर दिवसातून एकदाची गोळी सहेरीला किंवा इफ्तारनंतर घेता येते. पण हे विचारायला तिला आजार माहीत हवा ना!

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाऊ लागलं, एक पाय अचानक सुजला, तर लगेच डॉक्टर गाठायला हवा; हे या गोळीचे दुष्परिणाम असू शकतात. ताकदीच्या गोळीवर असा संशय कोण घेईल?